आधी सूची, मग नवा संगणक

संकेतस्थळ मंदावले की ‘मोठा संगणक आणा’ अशी ओरड होते. माझ्या मते तो उपाय शेवटचा. समजा, १० लाख नोंदींतून एक बैठक क्रमांक शोधायचा आहे. नोंदी कशाही रचलेल्या असतील तर त्या एकेक चाळाव्या लागतात. दुप्पट वेगाचा संगणक आणलात, तरी वेळ निम्माच वाचेल! तेच क्रमांक ओळीने लावून सूची केलीत, तर दर खेपेस निम्मा भाग वगळत २० तुलनांत नोंद सापडते. (शब्दकोश तुम्ही असाच तर पाहता.) १९७० साली बोइंगमधील बायर व मॅकक्राइट यांनी मांडलेला ‘बी-वृक्ष’ ही अशीच सूची, ती आजही सर्रास वापरात आहे. मात्र वारंवार शोधल्या जाणाऱ्या रकान्यांचीच सूची करावी. सगळ्यांची केली, तर नवी नोंद लिहिताना प्रत्येक सूची दुरुस्त करावी लागते.