पिवळा रंग

काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नितळच राहिलं तर काळजी. आरोग्यसेवकांच्या या साध्या ‘ओटी टेस्ट’पासून साथीवरची नजर सुरू होते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. पण बघता बघता संशयित रुग्ण २०० च्या पुढे गेले. तपासणीत रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. हद्द वाढली, जलशुद्धीकरण मागे राहिलं.

साथीची खबर कशी मिळते, हा धडा पुण्याला नवा नाही. १८९७ च्या प्लेगात ब्रिटिश अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरं धुंडाळली आणि लोकांनी रुग्ण लपवले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. धाकाने आजार दडतो, विश्वासाने कळतो.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे. पण प्रयोगशाळेपर्यंत खबर पोचवणार कोण? गल्लीतला डॉक्टर, आशाताई, खासगी रुग्णालय. त्यांची नोंद त्याच दिवशी एका ठिकाणी यावी, पाण्याच्या तपासणीशी ताडून पाहिली जावी आणि नागरिकांनाही दिसावी. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड. निदान असलेल्या विहिरीचं पाणी तरी रोज तपासू या. हा अंक त्यासाठीच.