ग्वाल्हेरची १८५८ ची वाट : फेरी काढायची तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतील

देशातल्या बहुतेक जुन्या शहरांत आता हेरिटेज वॉक निघतात. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे जमतात, एक जाणकार पुढे चालतो, आणि रोजच्या रस्त्यावरची एखादी कमान वा विहीर दोन तासांत ओळखीची होते. ग्वाल्हेरला या फेऱ्यांचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचे शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतले. २०२४ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. बाहेरचा पाहुणा आता वाढत्या संख्येने येणार आणि त्याला शहर पायी दाखवावे लागणार.

तानसेनाची कबर, हस्सू-हद्दू खाँ आणि कृष्णराव शंकर पंडित यांचे घराणे, ही संगीताची फेरी सोपी आहे. तिथे कुणाचे कुणाशी भांडण नाही. युद्धाची फेरी तशी नाही. जून १८५८ मध्ये या शहरात जे घडले, त्यात मराठी माणसे एकमेकांसमोर उभी होती. ग्वाल्हेरच्या मराठी समाजाने त्याबद्दल मोकळेपणाने बोलणे बहुधा टाळलेच आहे. पायी फेरीत हे टाळता येत नाही, कारण श्रोता त्या जागेवर उभा असतो आणि तिथेच विचारतो, “मग शिंदे कुठे होते?” या प्रश्नाला आपले उत्तर काय, हे आपण आधी ठरवायला हवे.

शहरच छावणीतून उभे राहिलेले

पहिली गोष्ट म्हणजे युद्ध इथे पाहुणे म्हणून आलेले नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुढे हलला नाही, त्याचेच शहर झाले आणि नावही ‘लष्कर’ असेच राहिले. शिंदे की छावनी, आपटे की पायगा, जिंसी नाला, कंपू ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. पागा म्हणजे घोडदळाची जागा, जिनसी म्हणजे तोफखाना, कंपू म्हणजे युरोपीय धर्तीवर कवायत शिकलेल्या पलटणींचा तळ. नुसती मोहल्ल्यांची नावे नीट वाचत चालले, तरी शिंदेशाहीच्या फौजेची रचना कळते. या फेरीला तिकीट लागत नाही आणि स्मारकही लागत नाही, फक्त मराठी यावे लागते.

वीस दिवस

मे १८५८ मध्ये काल्पी हातची गेल्यावर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेरवर येण्याचा निर्णय घेतला. १ जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंदे फौज घेऊन सामोरे गेले. त्यांच्या फौजेतला मोठा भाग बंडवाल्यांना मिळाला आणि जयाजीराव आग्र्याला निघून गेले. किल्ला आणि खजिना फारशा प्रतिकाराशिवाय हाती आला. ३ जूनला रावसाहेबांचा दरबार भरला.

ह्यू रोज मागोमाग होताच. १६ जूनला त्याने मुरार घेतले. १७ जूनला ब्रिगेडियर स्मिथची फौज शहराच्या आग्नेयेला कोटा की सराय येथे भिडली आणि त्या दिवसाच्या लढाईत राणी पडली. त्या एका चढाईसाठी आठव्या हुसार्स पलटणीतल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, यावरून चकमकीची तीव्रता कळते. १९ तारखेला लष्कर आणि २० तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. जयाजीराव परत गादीवर बसवले गेले.

या वीस दिवसांच्या जागा आजही चालत वा थोड्या वाहनाने जोडता येतात : मुरार, कोटा की सराय, फुलबागेतली समाधी, जवळची गंगादासांची बडी शाळा, सराफा, महाराज बाडा आणि शेवटी किल्ला.

समोरासमोर कोण होते

एका बाजूला मोरोपंत तांब्यांची मुलगी, येवल्याचे तात्या आणि पेशव्यांच्या घरातले रावसाहेब. दुसऱ्या बाजूला जयाजीराव शिंदे आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे. इतके आपण जाणतो. तिसरी बाजू सहसा सांगितली जात नाही : रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या आणि त्या इलाख्याच्या पायदळात कोकणातले आणि देशावरचे शिपाई भरती होत. उलट राणीबरोबर आणि तात्यांबरोबर लढणाऱ्यांत अवधचे पुरबिये होते, पठाण होते, बुंदेले होते. ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ या मथळ्याखाली हे युद्ध बसत नाही, आणि ‘निष्ठावंत विरुद्ध फितूर’ या मथळ्याखालीही ते पुरते मावत नाही.

जयाजीरावांचा निर्णय समजण्यासाठी १८४३ पर्यंत मागे जावे लागते. जनकोजीराव गेल्यावर आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला, दरबारात तट पडले आणि इंग्रजांनी चाल केली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढच्या तहात दरबाराची फौज नऊ हजारांवर आणली गेली. दहा हजारांची ‘कंटिंजंट’ मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत राहिली आणि तिचा खर्च ग्वाल्हेरने द्यायचा ठरला. जिंकलेल्या तोफांच्या धातूतून इंग्रज सैनिकांसाठी पदके ओतली गेली. तो आठ वर्षांचा मुलगा म्हणजेच जयाजीराव.

१४ जून १८५७ ला मुरारमधली कंटिंजंट उठली, तेव्हा तेविशीच्या आतबाहेरचा हा राजा आणि त्याचा दिवाण यांनी तिला पगाराच्या आश्वासनांवर महिनोन्‌महिने ग्वाल्हेरातच थोपवून धरले. आग्रा वाचले ते बऱ्याच अंशी यामुळे. तीच फौज नंतर तात्यांबरोबर गेली आणि नोव्हेंबरात कानपूरला विंडहॅमला मागे रेटून आली.

हा संदर्भ सांगणे म्हणजे सारवासारव नव्हे, कारण हिशेबाची दुसरी बाजूही सांगायची आहे. युद्धानंतर जयाजीरावांना सालीना तीन लाखांचा मुलूख मिळाला आणि फौज वाढवण्याची परवानगी मिळाली. १८६१ मध्ये तर खुद्द झाशी शहर शिंद्यांकडे आले. ज्या शहरासाठी राणी लढली ते पंचवीस वर्षे ग्वाल्हेरकडे होते आणि त्या काळात ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे होता. १८८६ मध्ये अदलाबदल झाली : झाशी इंग्रजांना, किल्ला आणि मुरार शिंद्यांना. किल्ल्याच्या दरवाजात उभे राहून एवढे जरी सांगितले, तरी निष्ठेचा मोबदला काय होता आणि त्याची मर्यादा काय होती हे ऐकणाऱ्याला उमगते.

प्रश्न आजचा आहे

हे जुने झाले, आता कशाला उकरायचे, असे कुणी म्हणेल. पण ते जुने झालेले नाही. सुभद्राकुमारी चौहान यांची राणीवरची कविता इथल्या प्रत्येक मुलाने शाळेत म्हटलेली असते आणि तिच्यात शिंद्यांनी राजधानी सोडल्याचा उल्लेख आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ज्योतिरादित्य शिंदे राणीच्या समाधीवर नतमस्तक झाले, तर त्याची बातमी देशभर झाली. दर जूनमध्ये समाधीपाशी बलिदान मेळा भरतो. म्हणजे सांगण्याचे काम कुणी ना कुणी करतेच आहे. कधी ते निवडणुकीच्या भाषेत होते, कधी घोषणांच्या. ऐकणाऱ्या मराठी मुलाला मात्र आपण नेमके कोणाचे, हे कळेनासे होते. उत्तर सोपे आहे : दोघांचेही वारस आपणच. दोघांचीही बाजू पुराव्यासह सांगणे ही त्याबरोबर येणारी जबाबदारी आहे.

दुसरे कारण जमिनीशी निगडित आहे. राणीचा घोडा अडला तो स्वर्णरेखेच्या ओहोळापाशी, असे सांगतात. ती स्वर्णरेखा आज काँक्रीटने बांधलेला नाला आहे आणि तिच्या पात्रावर उन्नत मार्गाचे खांब उभे राहिले आहेत. शहराला रस्ता हवा, यात वाद नाही. पण लढाईची जागा समजते ती चढ-उतारावरून, पाण्यावरून, दोन ठिकाणांतल्या अंतरावरून. हे सारे बदलल्यावर उरतो तो पुतळा आणि फलक. फलकावर राणी किती शूर होती हे लिहिलेले असते, पण ती इथपर्यंत का आणि कोणत्या वाटेने आली हे त्यावर मावत नाही. ते चालूनच कळते, आणि चालण्याजोगी वाट दर दशकात आक्रसत आहे.

कसे सांगावे

चांगल्या फेरीची एकच कसोटी आहे : कागदावर असलेले, परंपरेने आलेले आणि अंदाजाचे, हे तीन वेगळे ठेवून सांगता येते का? राणी पडली तो दिवस इंग्रजी अहवालांत १७ जून आहे, ग्वाल्हेर स्मरण करते १८ जूनला. सांगणाऱ्याने दोन्ही तारखा सांगाव्यात. बडी शाळेच्या साधूंनी राणीच्या देहाचे रक्षण करताना प्राण दिले, ही तिथली परंपरा आहे आणि ती ७४५ साधूंचा आकडा सांगते. आकडा परंपरेचा आहे असे म्हणून सांगितला तर त्या शाळेचा मान कमी होत नाही. खजिनदार अमरचंद बांठिया यांना बंडवाल्यांना पैसा दिल्याबद्दल सराफ्यात झाडाला फाशी दिले, ही आठवण तिथल्या व्यापाऱ्यांनी जपली आहे. ज्या बाजारात लोक दागिने घ्यायला जातात, तिथे दोन मिनिटे थांबून हे ऐकणे पुस्तकात वाचण्यापेक्षा वेगळे आहे.

जुने फलक काढून टाकणे हाही उपाय नव्हे. दिल्लीच्या रिजवर इंग्रजांनी उभारलेल्या १८५७ च्या स्मारकावर हिंदी सैनिकांना ‘शत्रू’ म्हटले होते. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, तिथे आणखी एक फलक लावला गेला : हे ‘शत्रू’ म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध लढलेले लोक होत. जुना मजकूर तसाच ठेवला. आज तिथे जाणारा दोन्ही वाचतो आणि दोन काळांतली दोन मने त्याला एकाच भिंतीवर दिसतात. ग्वाल्हेरच्या फेरीला हाच नमुना योग्य वाटतो.

आपले काम

या विषयाची काही महत्त्वाची साधने मराठीत आहेत. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला आणि ‘माझा प्रवास’ लिहून ठेवला. तो १९०७ मध्ये छापला गेला. त्याआधी १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी राणीचे चरित्र लिहिले. जुन्या घरांतून मोडी कागद आहेत, पागांचे हिशेब आहेत. हिंदीत वा इंग्रजीत फेरी घेणाऱ्या तरुण गाईडला हे आपण पुरवले नाही, तर त्याने ते आणायचे कुठून?

म्हणून तीन गोष्टी मंडळांना सहज करता येतील. एक, हिवाळ्याच्या महिन्यांत रविवारी सकाळी दोन छोट्या फेऱ्या : लष्करच्या नावांची एक, फुलबाग ते सराफा दुसरी. जूनच्या उन्हात वृद्धांना आणि मुलांना चालवू नये. दोन, प्रत्येक थांब्यासाठी एक पानाची टिपणे मराठी आणि हिंदीत तयार करून शहरातल्या गाईडांना मोफत द्यावीत. तीन, घरातले मोडी कागद निदान मोबाईलने टिपून एका ठिकाणी जमा करावेत.

ही वाट एकट्या ग्वाल्हेरचीही नाही. राणीचे दत्तक चिरंजीव दामोदरराव यांचे उरलेले आयुष्य इंदूरला लहानशा पेन्शनीवर गेले आणि १९०६ मध्ये ते तिथेच वारले. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी झाली, रावसाहेबांना १८६२ मध्ये कानपूरला. झाशी, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर या गावांतल्या मराठी मंडळांनी आपापला तुकडा सांगितला, तर एक सलग कथा उभी राहते.

पहिल्या फेरीत कुणीतरी तो प्रश्न विचारेलच. त्या वेळी मान खाली घालू नये आणि आवाजही चढवू नये. १८४३ चा तह, १ जूनची सकाळ, तीन लाखांचा मुलूख आणि १८८६ ची अदलाबदल, एवढे क्रमाने सांगावे आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडावा.