विश्लेषण : आजोबांच्या चष्म्याची फ्रेम पुन्हा वापरता येते का?

जाड काळी किंवा मोठी चौकोनी फ्रेम आज ‘रेट्रो’ म्हणून विकली जाते. आखाडा बाळापूरमधल्या एखाद्या घरातल्या ट्रंकेतही तशीच फ्रेम सापडेल. तिला नव्या काचा बसवाव्यात की नवीच घ्यावी?

आकार का बदलत गेले?

फॅशनइतकेच कारण काचेचे. पूर्वी भिंगे खरोखर काचेची, जड असत. त्यामुळे लहान गोल फ्रेम सोयीची होती. हलकी प्लास्टिकची भिंगे रुळल्यावर १९७०च्या दशकात अर्धा चेहरा झाकणारे चष्मे आले. पुढे बारीक, बिनकडांचे आले आणि आता पुन्हा जाड.

‘डिझायनर’ म्हणजे काय?

बहुतेकदा नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा. १९३७ मध्ये सुरू झालेला रे-बॅन १९९९ पासून इटलीच्या लक्सॉटिकाकडे आहे. ही कंपनी २०१८ मध्ये फ्रान्सच्या एसिलॉरशी एकत्र आली. शनेल, प्राडाचे चष्मेही परवान्याने तीच बनवते. त्यामुळे काडीवरच्या नावाला भुलून जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. गांधीजींचा चष्मा २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना गेला, पण ती किंमत घालणाऱ्याची होती.

जुनी फ्रेम कशी तपासावी?

काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात : भिंगाची रुंदी, नाकावरचे अंतर, काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. ते तुमच्या सध्याच्या चष्म्याच्या आकड्यांशी ताडून पाहा. नंतर बिजागरी बघा. ती ढिली असेल तर स्क्रू बदलून भागते. प्लास्टिकचे मात्र वेगळे. अॅसिटेट जुने झाले की आक्रसते, ठिसूळ होते आणि काच बसवताना गरम केल्यावर तडकू शकते. पांढरट पूड किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर नाद सोडावा.

चाळिशी लागलेल्यांना उंच काचेची जुनी फ्रेम उलट फायद्याची. प्रोग्रेसिव्ह भिंगात दूरचे वर आणि वाचायचे खाली असते. अरुंद फ्रेममध्ये वाचायचा भाग कापला जातो. मायनस नंबर मोठा असेल तर मात्र लहान फ्रेमच बरी, नाहीतर कडा जाड दिसतात.

खर्चाचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून फ्रेम आणि नंबरच्या काचांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बिननंबरी गॉगलला १८ टक्के कायम आहे. म्हणजे नवी फ्रेमही थोडी स्वस्त झाली. जुनीत फक्त काचांचा खर्च. पण त्या आजोबांच्या नंबरच्या नकोत, आधी डोळे तपासून घ्या.