अमेरिकेला शिव्या का, ओव्या का?



१९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत बाहेरच्या गाठींना दार मोकळे. त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला होता. पारावर वाद रंगला तो अमेरिका बरी की वाईट यावर. शुल्क उठवले दिल्लीने, हे कोणी बोलेना.

परक्या देशाबद्दलचे मत त्या देशाकडे बघून क्वचितच बनते. बुजऱ्या माणसाला बाहेरून आलेले सगळे कावेबाज वाटते, धडपड्याला त्यातच संधी दिसते. वर छातीवरचा बिल्ला. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेलसाहेबांचा मसुदा आला. वर्षभराने नंजुंडस्वामींच्या रयत संघाची माणसे बंगळूरला कारगिल बियाणे कंपनीच्या कचेरीत घुसली. इकडे शरद जोशींनी त्याच मसुद्याचे स्वागत केले. कागद एकच, शेतकरीही तसेच कर्जबाजारी! माझ्या वडिलांनी हात वर केला तो नेत्याच्या शब्दावर. मसुदा त्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला, वाणाची वंशावळ बघायची खोड आहे. १९६४ ची सीएसएच-१ ज्वारी आठवते? आपली पहिली संकरित ज्वारी. तिची मादी, कम्बाइन काफिर-६०, अमेरिकेतली. हे सांगितले की शिव्या देणारा गप्प होतो. आणि त्याच दशकात भारत व्हिएतनामवरून टीका करतो याचा राग धरून जॉन्सनसाहेबांनी दुष्काळातल्या गव्हाची जहाजे हात आखडून सोडली, हे सांगितले की ओव्या गाणारा गप्प. देश तोच.

ब्राझीलने दोन्ही केले नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदाने देऊन जगाचा भाव पाडते, ही तक्रार त्याने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली. आकडे मांडले, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलरवर मिटवले. व्यापार चालूच होता. आपल्याकडे पुतळे जाळून झाले, हिशेब कोणी मांडला?

जिल्हा बैठकीत अमेरिकेवर ठराव येतो आहे. भाषणे होतीलच. येताना ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मधल्या आपल्या कापसाच्या काटापट्ट्या घेऊन या. सीसीआयच्या वेगळ्या, व्यापाऱ्याच्या वेगळ्या.