गाडीचा एक डोळा मिटला तर...

गाडी चालवणाऱ्या बायका आता लहान गावांतही काही कमी नाहीत. मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत नोकरीला जाणं, सगळं स्वतःच्या हिमतीवर चाललेलं असतं. पण बॉनेट उघडायची वेळ आली की आपण दोन पावलं मागे सरतो. 'ते यांचं खातं!' माझं म्हणणं एवढंच, की निदान हेडलाइटपुरतं तरी हे खातं आपण आपल्याकडे घ्यावं.

हेडलाइटच का? तर एकच दिवा लागलेली गाडी अंधारात समोरच्याला दुचाकी वाटते आणि तो त्याच हिशोबाने अंगावर येतो. त्यातून उजवा, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूचा दिवा गेला असेल, तर विचारूच नका. आणि हे दिवे जातात नेमके पावसात, जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज असते.

मागच्या पावसाळ्यात सलग चार दिवस झोडपल्यावर माझ्या गाडीचा उजवा दिवा बंद पडला. गॅरेजवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, "आत पाणी गेलंय, अख्खं युनिट बदलावं लागेल. साडेचार हजार. साहेबांना फोन लावून द्या, मी समजावतो त्यांना." गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या पगारातले आणि समजावायचं मात्र साहेबांना! मी म्हटलं, मलाच समजवा, आधी बल्ब काढून दाखवा. त्याला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या एका वायरमनकडे गेले. बल्ब अगदी शाबूत होता. तो ज्या होल्डरमध्ये बसतो, त्याच्या एका पिनेवर हिरवट किटण चढलं होतं. ते खरवडलं आणि दिवा लागला! दीडशे रुपयांत काम झालं.

मैत्रिणींनो, यात जादू काही नाही. दिवा तापला की आतली हवा फुगते, गार झाला की आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून दिव्याला मुळातच बारीक हवेची वाट ठेवलेली असते. काचेवर आतून थोडं धुकं आलं आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर ते गेलं, तर काळजीचं कारण नाही. तळाशी पाणीच साठत असेल, तर मात्र मागचं रबरी झाकण निघालंय, काच तडकलीय किंवा सील गेलंय. काही जण ती हवेची वाटच एमसील लावून बुजवून टाकतात. लोणच्याच्या ओल्या बरणीला घट्ट झाकण लावण्यातलाच प्रकार!

दिवा गेला की आधी बघा, एकच गेलाय की दोन्ही. दोन्ही एकदम गेले, तर दोष बहुधा बल्बचा नसतो, रिले किंवा स्विचचा असतो. एकच गेला, तर फ्यूज बघा. फ्यूजचा डबा स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असतो, आणि कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. (ते पुस्तक डॅशबोर्डात कोरं करकरीत पडून असतं, तेच!) फ्यूजमधली पट्टी तुटलेली असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. लाल म्हणजे १०, निळा १५. तिथे तार गुंडाळून भागवू मुळीच नका, वायरिंग जळतं.

फ्यूज ठीक असेल, तर चालू बाजूचा बल्ब बंद बाजूला लावून बघा. लागला, तर जुना बल्ब गेलाय. नाही लागला, तर होल्डर बघा. हिरवट किटण आहे का, प्लॅस्टिक वितळलंय का? अर्थची वायर बॉडीला जोडते तिथला बोल्ट गंजलाय का, तेही बघून घ्या. हे सगळं दिवे बंद करून, किल्ली काढून, बल्ब गार झाल्यावरच. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नका. हाताचं तेल लागलं, की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदी रुमालात धरा.

दुकानदार 'ताई, हा जास्त उजेडाचा घ्या' म्हणून १०० वॅटचा बल्ब पुढे करेल. घेऊ नका. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच-४ बल्ब असतो, अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा. होल्डर आणि वायर तेवढ्याच हिशोबाने दिलेल्या असतात.

आता सगळंच घरी करा, असं मी म्हणत नाही. नव्या गाड्यांतले एलईडीचे दिवे बहुधा सबंधच बदलावे लागतात. झेनॉनच्या दिव्याला तर हातही लावू नका, पेटताना तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर येऊन गाडीच बुडाली, तर दिव्याचं राहू दे, किल्लीही फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्यायला सांगा.

एरवी मात्र गॅरेजमध्ये जाताना बल्ब बघितला, फ्यूज बघितला, होल्डर बघितला, हे तीन शब्द बोलून बघा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो. युनिट बदलायचंच ठरलं, तर जुना दिवा परत मागून घ्या, बिलावर वस्तूची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. आणि साहेब कुठायत विचारलं, तर ते घरी कुकर लावतायत म्हणून सांगा!