गोल मोजणाऱ्यांनो, कर्जही मोजा

हरणाऱ्या फुटबॉल संघाचा पाठीराखा हा सर्वांच्याच चेष्टेचा विषय असतो. दर शनिवारी तो मैदानावर जातो, थंडीवाऱ्यात उभा राहतो, आपल्या संघाला शिव्याशाप देत घरी परततो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच हजर होतो. त्याला दोन प्रकारचे शहाणे भेटतात. पहिला म्हणतो, "अरे, एवढा त्रास होतो तर दुसरा क्लब निवड." दुसरा म्हणतो, "खेळच तो, मनावर काय घ्यायचे?" हे दोघेही चुकतात असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु आज मला भांडायचे आहे ते मुख्यतः त्या पाठीराख्याशीच. त्याचा संताप खरा आहे, रास्त आहे; मात्र तो चुकीच्या वेळी येतो आणि चुकीच्या गोष्टीवर येतो.

प्रथम त्या दोन शहाण्यांचा समाचार घेऊ. क्लब हे दुकान नव्हे. दुकानात माल खराब निघाला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. त्यात बेइमानी नाही. परंतु आपल्या गावात पाणी येत नाही म्हणून कोणी उठून शेजारच्या गावाचा अभिमान बाळगू लागत नाही. तो पाण्यासाठी भांडतो. खालच्या श्रेणीतील क्लबचे त्याच्या पाठीराख्याशी असलेले नाते हे असे गावकीचे नाते असते. आणि गावकी मनावर घ्यायचीच असते.

इंग्लंडमधील बरी या गावाचे उदाहरण घ्या. मँचेस्टरच्या उत्तरेला अवघ्या तेरा किलोमीटरांवर असलेले हे जुने गिरणगाव. येथील दोन प्रार्थनामंदिरांचे, वेस्लियनांचे आणि युनिटेरियनांचे, फुटबॉल संघ होते. त्यांतील मंडळींनी एकत्र येऊन १८८५ साली 'बरी फुटबॉल क्लब' स्थापन केला. पंथ वेगळे, उपासना वेगळी, पण चेंडू एक! त्याच वर्षापासून गिग लेन हे त्यांचे मैदान. १८९४ साली क्लबला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. १९०० साली साउदॅम्प्टनला ४-० असे हरवून आणि १९०३ साली डर्बी काउंटीला ६-० असे हरवून त्यांनी एफ. ए. चषक दोनदा जिंकला. अंतिम सामन्यातील सहा गोलांच्या फरकाचा तो विक्रम शतकाहून अधिक काळ अबाधित होता. पुढे मात्र क्लबच्या वाट्याला उतरणच अधिक आली. शेजारी मँचेस्टरचे दोन धनाढ्य क्लब जग जिंकू लागले आणि बरीचे पाठीराखे तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत आयुष्य काढू लागले. तरीही बाप मुलाचा हात धरून गिग लेनलाच नेत राहिला.

आता २०१९ साल पाहा. मे महिन्यात मँचेस्टर सिटीने अंतिम सामन्यात वॉटफर्डला ६-० असे हरवून बरीच्या त्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच सुमारास बरीच्या संघानेही चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक पटकावून तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली होती. गुणतक्ता पाहणाऱ्याला वाटावे, क्लबचे दिवस पालटले. प्रत्यक्षात खेळाडूंचे पगार थकले होते. गिग लेनचे मैदान काही वर्षांपूर्वीच गहाण पडले होते. मैदानाबाहेरील मोटारी उभ्या करण्याच्या जागादेखील गुंतवणूकदारांना विकून झाल्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये अख्खा क्लब अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला होता. क्लब चालवण्याइतका पैसा आपल्यापाशी आहे, याचा समाधानकारक पुरावा लीगला त्याच्याकडून मिळाला नाही. नव्या हंगामाचे पहिले सामने तहकूब झाले. एका माजी संचालिकेने स्वतःला मैदानावरील पन्हळीच्या नळाला बेडीने अडकवून घेतले. शेवटच्या दिवशी सामना होईल या आशेने शेकडो माणसे झाडू आणि फडकी घेऊन स्टेडियम स्वच्छ करायला आली. संध्याकाळपर्यंत विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीनेही अंग काढून घेतले. त्या दिवशी, २७ ऑगस्ट २०१९ रोजी, लीगने एकशे पंचवीस वर्षांचा हा सभासद बाहेर काढला.

वाचकहो, हा क्लब हरून मेला नाही. तो जिंकत असताना मेला. माझ्या म्हणण्याचे सार या एका वाक्यात आहे.

गुणतक्ता एक गोष्ट सांगत होता, ताळेबंद दुसरी. इंग्लंडमध्ये कंपन्यांचे ताळेबंद सरकारी नोंदणी कार्यालयात दाखल होतात. कोणीही ते पाहू शकतो. म्हणजे जे घडत होते ते अगदीच तळघरात लपलेले नव्हते. परंतु सलग चार सामने हरल्यावर प्रशिक्षकाच्या नावाने जो गिल्ला होतो, तो मैदान गहाण पडल्यावर का होत नाही? कच्च्या बचावपटूला हुर्यो मिळते. उत्पन्न रुपया असताना दीड रुपया उधळणाऱ्या संचालक मंडळाला, संघ वर सरकत असेल तोवर, टाळ्या मिळतात. गोल किती झाले हे विचारणारे हजार, कर्ज किती झाले हे विचारणारे दहा. आणि त्या दहांना बाकीचे अपशकुनी म्हणतात.

याहून कडू गोष्ट अशी की, पाठीराख्याचा हा आंधळा संताप उधळ्या मालकाचे भांडवल ठरतो. "पैसा ओता, आघाडीवीर आणा, वर न्या," अशी ओरड उठली की मालकाला कर्ज काढण्याचा जणू परवानाच मिळतो. खालच्या श्रेणीत दूरचित्रवाणीचा पैसा थोडा. तिकिटे, देणगीदार आणि मालकाचा खिसा यांवरच गाडा चालायचा. तिथे बढतीच्या आशेवर लावलेला पैसा म्हणजे उघडउघड जुगार. जुगार फसला तर मालक निघून जातो. पत्ते मात्र ज्यांच्या नावाने वाटले गेले, ते मागे राहतात.

यावर आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. दिवसभर बस चालवणाऱ्याने, दुकानात राबणाऱ्याने ताळेबंद वाचत बसायचे काय? दोष मालकाचा, ज्या लीगने त्याची आर्थिक कुवत तपासण्याआधी क्लब त्याच्या हाती जाऊ दिला, त्या लीगचा. होय, मुख्य दोष त्यांचाच आहे आणि त्यांना तो कोणी माफ करू नये. तरीही एक प्रश्न उरतो: शेवटपर्यंत थांबणारे कोण? बढती मिळवून देणारा प्रशिक्षक त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या क्लबकडे गेला. खेळाडू गेले, त्यांनाही पोटे आहेत. पाठीराखा तेवढा राहिला, कारण त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. जो जाणार नाही, त्यानेच वीस वर्षांपुढचे पाहिले पाहिजे. इतरांना ती गरज नसते. २००२ सालीही हाच क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता आणि पाठीराख्यांनी वर्गणी काढून त्याला वाचवले होते. वर्गणी काढणारा हात हिशेब मागायला कचरला, तर तीच वेळ पुन्हा येते. तशी ती आली.

हा नुसता उपदेश नव्हे. बरीच्या लोकांनीच पुढे तो खरा करून दाखवला. क्लब बाहेर फेकला गेल्यावर त्यांनी 'बरी एएफसी' नावाचा नवा क्लब काढला. एक सभासद, एक मत, हे त्याचे तत्त्व. २०२० साली तो दहाव्या श्रेणीत, शेजारच्या गावच्या मैदानावर खेळू लागला. २०२२ साली सरकारी अनुदान आणि देणग्यांच्या बळावर गिग लेन पाठीराख्यांच्या दुसऱ्या गटाने सोडवून घेतले. मग दोन गटांत भाऊबंदकी! एकत्र येण्याचा पहिला ठराव त्याच वर्षी फसला. २०२३ साली तो मंजूर झाला, आणि जुन्या नावाने, जुन्या मैदानावर नवव्या श्रेणीतला खेळ सुरू झाला. नवव्या श्रेणीतल्या सामन्यांना हजारोंनी माणसे! २०२५ च्या वसंतात त्यांनी अजिंक्यपद मिळवून आठव्या श्रेणीत पाऊल टाकले. तिथेही ते हरतात, तिथेही चिडतात. परंतु मैदान कोणाचे आणि देणे किती, हे विचारण्याचा हक्क आता त्यांचा स्वतःचा आहे.

सरकारलाही जाग आली. २०२१ साली चौकशी अहवाल आला आणि जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल, मालकाची पात्रता तपासली जाईल, महत्त्वाच्या बाबींत पाठीराख्यांशी सल्लामसलत करावी लागेल, अशी त्यात तरतूद आहे. चांगलेच झाले. परंतु नियामक हा काही रोजचा पहारेकरी नव्हे. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मतांचा अधिकार सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तो टिकून आहे, कारण त्याला धक्का लागतो असे दिसताच तेथील प्रेक्षक आरडाओरडा करतात. कायदा हा असा जागत ठेवावा लागतो.

आपल्या तरुणांना मँचेस्टरच्या क्लबांची तोंडओळख भरपूर. बरी त्यांना ठाऊक नसते. त्यांना मला सांगायचे आहे की बरीची कथा आपल्याही अंगणातली आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०११ साली कंपनीने तो बंद केला. प्रेक्षकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते कोणत्याही कागदावर नव्हतेच. २०१६ साली राष्ट्रीय फुटबॉलच्या फेररचनेचा निषेध म्हणून गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब हे तीन नामवंत क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांचा निषेध योग्य होता की नव्हता, हा वाद वेगळा. ज्यांनी या क्लबांसाठी फातोर्ड्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांचे मत मोजणारी व्यवस्था ना संघटनेपाशी होती, ना क्लबांपाशी. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ साल उजाडले.

आणि आपल्या धर्मग्रामांतील क्रीडामंडळे? आपल्या पतपेढ्या? लाभांश मिळत असतो तोवर वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही. लाभांश बुडाला की सभागृहात उभे राहायला जागा नसते. चषक येत असतो तोवर खजिनदाराला कोणी काही विचारत नाही. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला की सगळ्यांना एकदम पावत्यांची आठवण होते. हा राग नव्हे, ही निव्वळ चिडचिड आहे. खरा राग चांगल्या दिवसांत, शांत आवाजात प्रश्न विचारतो.

म्हणून पाठीराख्यांनो, चिडणे सोडू नका. चिडण्याची वेळ बदला. तुमचा संघ जिंकून येईल त्या आठवड्यात सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. मैदान कोणाच्या नावावर आहे? देणे किती आहे आणि कोणाचे? हिशेब कोणी तपासला? उत्तरे लेखी घ्या. ती मिळेपर्यंत खाली बसू नका, मग मिरवणूक बाहेर ताटकळत उभी असली तरी चालेल.