ध्वनिभिंतीमागचे श्रमिक

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यात ‘डॉल्बी’चा वाद ठरल्या वेळी डोके वर काढतो. पोलीस नोटिसा बजावतात, मंडळे हौसेचा आणि प्रथेचा हवाला देतात, वृत्तपत्रे डेसिबलचे आकडे छापतात. नागरिकांच्या झोपेची बाजू मांडली जाते, उत्सवाचीही मांडली जाते. परंतु ज्यांच्या खांद्यांवरून आणि कानांवरून हा सारा ध्वनी जातो, त्या श्रमिकांची आठवण क्वचितच कोणाला होते.

मुळात हे नावच एक विपर्यास आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. त्यानंतर त्याने जे तंत्र सिद्ध केले, ते ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याचे. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव आपल्याकडे गोंगाटाच्या भिंतीला चिकटले!

या भिंतीमागे मिक्सरवर बसणारा तरुण हलगी-ताशाचे ठेके आणि विजेचे यांत्रिक नाद एकत्र मिसळतो, तेव्हा तोही एक प्रयोगच करीत असतो. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभी केली आणि गीता साराभाई आदींनी तेथे काम केले. त्या कार्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि ते योग्यच झाले. आजऱ्यातील तरुणाच्या वाट्याला मात्र ‘उपद्रव’ हा एकच शब्द येतो. अर्थात, म्हणून शेजारच्या रुग्णाने वा तान्ह्या मुलाने तो ध्वनी सोसावा, असे कोणीही म्हणू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळलीच पाहिजे. प्रश्न असा की, हे नियम भिंतीसमोरच्या माणसाचा विचार करतात. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचे काय?

आजरा तालुक्याची अर्थव्यवस्था घनसाळ भात, काजू आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर दीर्घकाळ उभी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांतला तिसरा आधार ढासळला. साचेखात्यात उमेदीची वर्षे काढलेल्या अनेकांना ऐकू कमी येई. पण त्यांच्यापाशी हजेरीपट होता, युनियन होती, कारखाना कायदा होता. त्यांच्या नातवाच्या पिढीला गावातच जी हंगामी कामे मिळतात, त्यांपैकी हे एक. बेसचे अवजड खोके चढविणे-उतरविणे, तारा जोडणे, जनरेटर सांभाळणे आणि मिरवणूक संपेपर्यंत त्याच आवाजात उभे राहणे. यातून मिळते ती रोजंदारी, आणि कान गेला तर तो ज्याचा त्याचा.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला सामाजिक खर्च म्हणतात. मंडळ भाडे देते, मालक नफा घेतो आणि उरलेली किंमत मजुराच्या शरीरातून वसूल होते. ८५ डेसिबलचा ध्वनी आठ तास सोसता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात अवघी पंधरा मिनिटे. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर हरपतात. बोलणे कानी पडते, पण ‘स’, ‘फ’ यांसारखे वर्ण निसटल्याने शब्द कळत नाही. जखम दिसत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाना कायद्याने व्यावसायिक रोगांच्या यादीत घातले होते. नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही ते आहे. परंतु ही संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. एका ट्रॅक्टरमागची पाच-सहा पोरे तिच्या जाळ्यातून सहज निसटतात.

उपाय अशक्य नाहीत. १९६९ सालीच महाराष्ट्राने माथाडी कायदा करून मालक निश्चित नसलेल्या हमालांनाही मंडळाचे छत्र दिले. ध्वनिव्यवसायातील मजूर हा त्या हमालाचाच भाऊबंद आहे. मिरवणुकीची परवानगी देतानाच श्रवणरक्षक साधने, आळीपाळीने विश्रांती आणि वर्षातून एक श्रवणतपासणी या अटी घालाव्यात. त्यांचा खर्च मालक आणि मंडळ यांनी उचलावा. आणि आवाज कमी करण्याची मागणी या कामगारांच्या नावानेही व्हावी. तसे झाले तर आज परस्परांविरुद्ध उभे असलेले नागरिक आणि श्रमिक एकाच बाजूला येतील. आवाज मर्यादेत राहिला तर रोजगार बुडत नाही. अमर्याद राहिला, तर तो मिळविणाराच बहिरा होतो.